बीजच सुटत नव्हतं

गौरी-गणपती, नवरात्र, घरातलं लग्न, कुलदैवताची जत्रा. यातलं काहीही जवळ आलं की आमच्या घरातल्या बायका तारखा मोजायला लागायच्या. आई, काकू, वहिनी, सगळ्यांना आपापली तारीख पाठ असायची आणि कुणाची आड येत असेल तर मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या यायच्या. माझ्या बाबतीत हे गणित बसायचंच नाही. ती गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते आणि माझी तारीख कुणालाच, मलाही, सांगता यायची नाही. कधी दीड महिना, कधी अडीच. एकदा सुरू झाली की आठवडा उलटला तरी थांबायची नाही. 'हिचं असंच आहे' हे वाक्य मी अकरावी-बारावीपासून ऐकत आले. त्याला जोडून दुसरं ठरलेलं असायचं, 'लग्न झालं की होईल सुरळीत.'

आत्या हे म्हणायची तेव्हा त्यात माया असायची. पण कॉलेजात असताना ज्या डॉक्टरांकडे मला नेलं होतं, तेही हेच म्हणाले. त्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू होत्या तोवर पाळी महिन्याच्या महिन्याला आली, घरच्यांना वाटलं गुण आला. गोळ्या संपल्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गोळ्या कसल्या होत्या, पाळी कशामुळे लांबते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारायची रीत नव्हती.

मी कोल्हापुरात बँकेत कॅश काउंटरवर बसते. मार्च एंडिंगच्या दिवसांत, जवळजवळ तीन महिने पाळी आलेली नसताना, एके दिवशी सुरू झाली आणि थांबेचना. तासाभरात पॅड भिजायचं, गाठी पडायच्या. कॅश टॅली झाल्याशिवाय जागेवरून उठता येत नाही, म्हणून मी ड्रेसच्या आत दोन-दोन पॅड लावून बसायची. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी माझी नखं बघितली आणि सरळ रिक्षात घालून लॅबमध्ये नेलं. हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. इतकं कमी असूनही मी हिंडत-फिरत होते, कारण ते एका दिवसात उतरलेलं नव्हतं. कितीतरी महिन्यांच्या अशा पाळ्यांनी हळूहळू खाली गेलं होतं आणि शरीर तेवढ्यावर भागवायला शिकलं होतं.

ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे मग गेले, त्यांनी रक्तस्राव थांबवायची औषधं आणि लोहाच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. सगळं जरा आटोक्यात आल्यावर निवांत बोलवून घेतलं. आई बरोबर होती. पाळी कितव्या वर्षी सुरू झाली, किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, घरात कुणाला डायबेटिस आहे का, हे आईसमोर विचारलं. माझ्या वडिलांना आहे. मग त्या आईला म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा हं." आई गेल्यावर मला विचारलं, "शरीरसंबंध आलेत का? गर्भ राहण्याची शक्यता आहे का?" एरवी दवाखान्यांत या प्रश्नाऐवजी 'लग्न झालंय का?' असं विचारतात आणि उत्तर 'नाही' आलं की पुढचं सगळं गृहीत धरतात. माझं उत्तर काही असो, लघवीची तपासणी करायला त्यांनी पाठवलंच. "पाळी चुकली की आधी हे बघायचं, मग बाकीचं. यात मी कुणाला अपवाद करत नाही," असं म्हणाल्या. मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, की इथे माझ्याबद्दल कुणी आधीच काही ठरवून बसलेलं नाही.

त्या दिवशी त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते प्रत्येक मुलीला शाळेतच सांगायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून त्यांनी पेनानं एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या मध्यावर एक टिंब. "हे टिंब म्हणजे बीज सुटण्याचा दिवस. तू फक्त या शेवटाकडे बघतेस, पाळी कधी येणार म्हणून. पण पाळी या टिंबावर अवलंबून आहे." मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे अंडाशयात दरमहा काही बारीक पुटिका, म्हणजे बीज धरून असलेल्या द्रवाच्या पिशव्या, वाढायला लागतात, त्यांतली एक पुढे जाते, फुटते आणि बीज बाहेर येतं. त्या फुटलेल्या पुटिकेतून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी ते एकदम उतरतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर एका वेळी सुटून बाहेर पडतं. ती पाळी.

"तुझं हे टिंबच बहुतेक महिने येत नाही," त्या म्हणाल्या. बीज सुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. पण इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक मात्र असतं, आणि त्याच्या जोरावर अस्तर वाढत राहतं. मी लहानपणी आजीला मातीच्या भिंतींवर सारवताना बघितलंय. जुना थर न खरवडता वर्षानुवर्षं नुसतं सारवत गेलं की एक दिवस कुठूनही पोपडे सुटायला लागतात, आज इथला, उद्या तिथला. माझा तो न थांबणारा रक्तस्राव हा असा होता. अस्तर एकसाथ सुटत नव्हतं, तुकड्यातुकड्यानं जात होतं. म्हणजे ज्याला मी 'उशिरा आलेली पाळी' समजत होते, ती पुष्कळदा खऱ्या अर्थानं पाळी नव्हतीच.

आणि याच कारणासाठी, मूल हवं असो वा नसो, पाळी महिनोन्‌महिने न येणं सोडून देण्यासारखं नसतं. अस्तर असंच जाड होत राहिलं तर पुढे त्यात बिघाड होऊ शकतो. माझ्या या दुखण्याचं नाव पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. तो असलेल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो. तरुण वयात हा धोका एकूणात कमीच असतो, हेही मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, म्हणून मी घाबरून गेले नाही. पण 'पाळी नाही आली तर कटकट गेली' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आता थांबवते.

बीज का सुटत नाही, याचं उत्तर माझ्या मानेवर होतं. दहावीपासून माझी मान काळपट पडलेली आहे, मागच्या बाजूला घड्यांमध्ये जास्त, हात लावला तर मखमलीसारखी लागते. आई दर रविवारी बेसन आणि लिंबू लावून घासायची. "नीट अंघोळ करत नाहीस," म्हणून बोलणी खाल्ली आहेत. घासून घासून कातडं सोललं, रंग गेला नाही. मॅडमनी केस बाजूला करून मान बघितली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. रक्तात इन्शुलिन जास्त असल्याची ही खूण आहे." शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. शिवाय या संप्रेरकांना रक्तात धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही कमी करतं. मोकळी फिरणारी ही संप्रेरकं पुटिकांना पूर्ण वाढू देत नाहीत, आणि हनुवटीवर जाड केसही तीच आणतात. पार्लरमध्ये थ्रेडिंगला गेलं की "ताई, हनुवटी पण करू ना?" हा प्रश्न मला वर्षानुवर्षं टोचत आला होता. मान, हनुवटी, पाळी, वाढणारं वजन, ही माझ्या मते चार वेगवेगळी दुखणी होती आणि चारही माझ्या आळसाची, अस्वच्छतेची म्हणून मला ऐकवली गेली होती. ती एकाच गोष्टीची चार टोकं निघाली. आई तेव्हा परत आत येऊन बसली होती. ती काही बोलली नाही. रात्री मात्र माझ्या मानेला खोबरेल लावताना म्हणाली, "मला काय माहीत गं."

सोनोग्राफीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथून सुरू होतात. गर्भलिंगनिदान केले जात नाही, या पाटीखाली बाकड्यावर गरोदर बायका, त्यांचे नवरे, सासवा, आणि त्यांच्यात मी एकटी. लघवी तुंबेपर्यंत पाणी पिऊन बसायचं. पोटावरून करायच्या सोनोग्राफीत मूत्राशय भरलेलं असलं की मागचं गर्भाशय आणि अंडाशय नीट दिसतात. आत थंडगार जेली, आणि त्या भरलेल्या पोटावर दाबून फिरवलेला प्रोब. रिपोर्ट हातात आला. दोन्ही ओव्हरीज बल्की, कडेकडेनं बारीक फॉलिकल्स म्हणजे पुटिका, इम्प्रेशनमध्ये 'पीसीओडी', म्हणजे पीसीओएसचंच दुसरं प्रचलित नाव. घरी पोचेपर्यंत आईनं मावशीला फोनवर सांगून टाकलं होतं, "दोन्हीकडे गाठी आहेत म्हणे." मावशीनं ऑपरेशनचा खर्च विचारला.

त्या गाठी नसतात. प्रत्येक ठिपका दोन ते नऊ मिलिमीटरची, अर्ध्यावर थांबलेली पुटिका असते आणि तिच्या आत एक कच्चं बीज असतं. काढायचं, फोडायचं काही नसतं. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी अशा सात बायकांची माहिती छापली तेव्हा त्यांनी अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढला होता आणि त्यानंतर त्यांना पाळी येऊ लागली होती. त्यामुळे सगळं लक्ष अंडाशयावर गेलं ते बराच काळ तिथेच राहिलं. २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी ठरवलेले निकष आजही वापरात आहेत. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचं जास्त प्रमाण किंवा त्याची लक्षणं, आणि सोनोग्राफीत दिसणारी तशी अंडाशयं. या तिन्हींपैकी दोन हवीत, आणि दुसरं कारण नाही याची खात्री हवी. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर निदान होत नाही. पाळी अगदी नियमित असलेल्या तरुण मुलींचीही अंडाशयं अशी दिसू शकतात. माझ्या बाबतीत पाळी आणि हनुवटीचे केस हे दोन मुद्दे होतेच, निदानासाठी सोनोग्राफी लागत नव्हती. मॅडमनी ती अस्तर किती जाड झालंय हे बघायला करून घेतली होती.

'दुसरं कारण नाही' यासाठी रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष वगळायला सतरा-हायड्रॉक्सी-प्रोजेस्टेरॉन. थायरॉइड बिघडला किंवा प्रोलॅक्टिन वाढलं तरी पाळी अशीच लांबते आणि त्यांची औषधं पूर्ण वेगळी असतात, म्हणून या तपासण्या टाळू नयेत. माझ्या या सगळ्या ठीक निघाल्या, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक थोडं वर होतं. उपाशीपोटी केलेली साखर अगदी नॉर्मल. लॅबवाला म्हणाला, झालं, डायबेटिस नाही. पण मॅडमना पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखर हवी होती. ते पाणी इतकं गोड असतं की घशाखाली उतरत नाही. मी लिंबाचा वास घेत घेत संपवलं. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या वर, २०० च्या आत आला. डायबेटिस नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत हे निसटलं असतं. पीसीओएस असलेल्या प्रत्येकीनं, बारीक असली तरी, ही तपासणी करून घ्यावी आणि दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे.

औषधांचं ठरताना मी माझ्या मैत्रिणीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन गेले होते. तिलाही हेच होतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी तिची पाळी आणि पिंपल्स दोन्ही सुधारले होते. मॅडमनी बीपी घेतलं आणि विचारलं, "डोकं दुखतं का? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं?" चमकतं. वेड्यावाकड्या उजेडाच्या रेघा दिसतात आणि मग अर्धं डोकं ठणकतं. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं होतं. अशा मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेतल्या तर मेंदूत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून माझ्यासाठी त्या बंद. मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारत नाही. एकीची गोळी दुसरीनं घेऊ नये, ती कितीही जवळची असली तरी.

मला मग प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या दिल्या, रोजच्या नव्हे. पाळी आपोआप आली तर काही घ्यायचं नाही. नाही आली तर तीन महिने उलटू द्यायचे नाहीत, दहा दिवस गोळ्या घ्यायच्या. थांबवल्यावर आठवडाभरात अस्तर निघून जातं. या गोळीनं बीज सुटत नाही, आजार जात नाही आणि गर्भधारणाही टळत नाही. ती फक्त अस्तर साठू देत नाही. कॉलेजात घेतलेल्या त्या गोळ्यांचं कोडं मला इथे सुटलं. जोडीला मेटफॉर्मिन, शरीरानं इन्शुलिनला नीट दाद द्यावी म्हणून. सुरुवातीला मळमळ आणि जुलाब झाले, जेवणाबरोबर घेऊन आणि डोस हळूहळू वाढवून ते बसलं. लांब पल्ल्यानं यानं बी-ट्वेल्व्ह कमी होतं, आणि आम्ही घरात शाकाहारी, त्यामुळे तेही अधूनमधून तपासते. हनुवटीच्या केसांवर कुठलंही औषध चाललं तरी निदान सहा महिने वाट बघावी लागते. मी नंतर लेझर करून घेतलं आणि त्याचं मला समाधान आहे.

खाण्याबद्दल मला मिळालेल्या सल्ल्यांची मोजदाद नाही. दूध बंद कर, गहू बंद कर, दालचिनीचं पाणी पी, चार प्रकारच्या बिया चौदा-चौदा दिवस खा. आहारतज्ज्ञ बाईंनी यातलं काहीच सांगितलं नाही. कुठलाही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, झेपेल आणि टिकेल तो आपला, असं त्या म्हणाल्या. माझ्या ताटात बदल झाला तो एवढाच, की उपवासांची साबुदाण्याची खिचडी गेली, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ज्वारीची भाकरी आधीही होती, तिच्याबरोबर रोज वाटीभर उसळ आली. संध्याकाळी बँक सुटली की रंकाळ्याला फेरी, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा व्यायाम. स्नायू साखर वापरतात म्हणून तो हवा. वजन फार उतरलं नाही. पण थोडंसं उतरल्यावर पाळी स्वतःहून यायला लागली, दर महिन्याला नाही, तरी गोळीची गरज पुष्कळ कमी झाली.

घरात खरा वाद झाला तो स्थळांवरून. आई म्हणाली, हे सांगायचं नाही, लोक म्हणतील मूल होणार नाही. पण ते खरंच नाही. बीज क्वचित सुटतं, कधीच सुटत नाही असं नाही. दिवस जायचे नसतील तर पीसीओएस असलेल्या बाईनंही काळजी घ्यावीच लागते. माझ्या मामेबहिणीला हाच त्रास. तिला बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल दिलं तेव्हा सासरच्यांनी माहिती शोधली आणि हादरले, कारण ते स्तनाच्या कॅन्सरचं औषध. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही आली होती. ती २०१७ मध्ये उठली, आणि आज पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी पहिलं औषध म्हणून जगभर हेच देतात. मामेबहीण आधी मेडिकलमधल्या ओव्हुलेशनच्या, म्हणजे बीज सुटण्याचा दिवस सांगणाऱ्या, पट्ट्या वापरून थकली होती. पट्टी लघवीतलं जे संप्रेरक बघते, ते या आजारात बऱ्याचदा एरवीच चढं असतं, त्यामुळे पट्टी उगीचच 'आज' म्हणते. तिचा मुलगा आता बालवाडीत जातो. मी स्थळांना सांगते. ज्यांना पळून जायचंय ते आधीच जाऊ देत.

मागच्या दिवाळीत वहिनीचा फोन आला. भाची तेरा वर्षांची, पाळी सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. कधी महिन्यानं येते, कधी चाळीस दिवसांनी. कुणीतरी सोनोग्राफी करायला सांगितलं होतं. "ताई, हिलाही तुमच्यासारखंच असेल का हो?" वहिनीचा आवाज रडवेला होता. घरात माझा इतिहास, त्यामुळे तिची भीती मला समजली. पण पहिल्या वर्षी पाळी अनियमित असणं नैसर्गिक आहे, आणि तिसरं वर्ष संपेपर्यंत एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचं अंतर चालतं. किशोरवयात पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी करूच नये, असंही २०२३ च्या त्या सूचनांत आहे, कारण त्या वयात निरोगी मुलींचीही अंडाशयं तशीच दिसतात. उगाच शिक्का बसायचा आणि पोरगी सगळं आयुष्य स्वतःला आजारी समजायची.

आम्ही ठरवलं ते असं. भाचीनं स्वतः वहीत तारीख, किती दिवस, दिवसाला किती पॅड एवढं लिहायचं. नव्वद दिवस उलटून गेले, किंवा आठवडाभर थांबलं नाही, किंवा तासाला पॅड भिजायला लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे. हनुवटीवर जाड केस किंवा मानेवर काळपटपणा दिसला तर घासायचं नाही, दाखवायचं. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन. बाकी तिला तिच्या कबड्डीत खेळू द्यायचं. वहिनीनं सोनोग्राफीची वेळ रद्द केली.